विकणारे पुष्कळ, दुरुस्त करणारे थोडे

व्यापार म्हटला की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे दुकान, गल्ला आणि मालाचे गठ्ठे एवढेच येते. माल आणला, विकला, नफा झाला की व्यापार झाला. दुरुस्ती करणाऱ्याला आपण व्यापारी म्हणतच नाही, तो 'मिस्त्री'. मुलाने मोबाईलच्या दुकानात विक्रेत्याची नोकरी धरली तर घरचे खूष असतात, आणि तोच मुलगा हातात सोल्डरिंगची कावी घेऊन बसला तर 'एवढे शिकून हेच करायचे होते का?' असे विचारतात. ही समजूत आपल्या तरुणांचे फार नुकसान करीत आहे. वाद्यांचा आणि आवाजाच्या यंत्रांचा बाजार, त्यातही बेस गिटार आणि तिचा अँप्लिफायर, हे त्याचे चांगले उदाहरण आहे.

कापडाच्या व्यापाऱ्याचा या विषयाशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध दोन प्रकारे आहे. वरसावे नाक्यावरून सुरतेचा माल भिवंडीकडे आणि मुंबईकडे रोज जातो. खाडीवरचा नवा पूल २०२३ साली खुला झाला, आणि वर्दळ आणखी वाढली. याच रस्त्यांवर लग्नाची लॉन्स आणि हॉल आहेत. आगरी-कोळ्यांच्या हळदीला बेंजो लागतो, उत्तन-भाईंदर-वसईच्या ख्रिस्ती लग्नांना बँड लागतो आणि हॉलमधल्या समारंभाला ऑर्केस्ट्रा. सीझनमध्ये कपडा जितका खपतो, तितकीच ही यंत्रे राबतात. दुसरा संबंध असा की स्पीकरच्या आत कापड असते, आणि तो मुद्दा पुढे येईलच. वाद्यांविषयी आपल्या वाचकांत निरनिराळी मते आहेत, हे मी जाणतो. पण जो अँप्लिफायर ऑर्केस्ट्रात चालतो, तोच थोड्या फरकाने जलशात, मुशायऱ्यात आणि शाळेच्या संमेलनात चालतो. बिघडला की सगळ्यांना कारीगर एकच लागतो.

बेस गिटार म्हणजे साधारण चार जाड तारांची, गिटारीपेक्षा एक सप्तक खाली लागणारी गिटार. तिची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने देते. गाण्यात ती वेगळी ऐकू येत नाही, पण काढून टाकली की गाणे पोकळ वाटते. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवीत. त्या काळच्या चित्रपटगीतांचा भरीवपणा अशा वादकांमुळे होता. ४१ कंपनांच्या त्या लहरीची लांबी सुमारे २७ फूट भरते. एवढा खोल आवाज काढायला स्पीकरला पुष्कळ हवा ढकलावी लागते. म्हणून बेसचे यंत्र मोठे, जड आणि महाग असते, आणि म्हणूनच ते लवकर बिघडते.

दुरुस्तीतून कारखाना

आता या वाद्याचा इतिहास पाहा. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात लिओ फेंडर नावाच्या माणसाने १९३८ साली रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वादक आपली बिघडलेली यंत्रे घेऊन येत, आणि त्यांत काय तुटते, काय जळते, हे तो रोज पाहत असे. १९५१ साली त्याने प्रिसिजन बेस ही गिटार बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी बेसमन नावाचा अँप्लिफायर आणला. या गिटारीची मान तिच्या धडाला चार स्क्रूंनी जोडलेली असते. मान वाकली किंवा खराब झाली तर चार स्क्रू काढा आणि दुसरी बसवा. ही रचना दुरुस्तीच्या टेबलावर बसलेल्या माणसालाच सुचू शकते.

पुढे लंडनमध्ये जिम मार्शल याचे वाद्यांचे दुकान होते. अमेरिकेचा माल महाग पडतो, अशी गिऱ्हाइकांची तक्रार असे. त्याच्या दुकानात दुरुस्तीचे काम पाहणारा केन ब्रॅन होता. त्यांनी बेसमनचे सर्किट समोर ठेवून १९६२ साली आपला अँप्लिफायर तयार केला, आणि मार्शल हे नाव जगभर झाले. या दोन्ही ठिकाणी दुरुस्तीचे टेबल आधी होते आणि कारखाना नंतर आला.

फार लांब जायला नको. आपल्या महाराष्ट्रातच मिरज आहे. तेथील शिकलगार कुटुंबे हत्यारे घडवणारी आणि त्यांना धार लावणारी. १९ व्या शतकात हत्यारांची मागणी संपत आली, तेव्हा ती हात बांधून बसली नाहीत. त्यांनी आपला हुन्नर वाद्यांकडे वळवला. फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव या कामात आद्य मानले जाते. पंढरपूर भागातला भोपळा, लाकूड आणि तारा यांतून त्यांनी असा तंबोरा केला की देशभरचे गवई मिरजेची वाट धरू लागले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सतारमेकर गल्लीत आजही नवे वाद्य आणि जुन्याची दुरुस्ती एकाच दुकानात चालते. गवयाचा तंबोरा जवारी काढायला परत येतो आणि त्यामुळे गिऱ्हाईक पिढ्यान्पिढ्या तुटत नाही. तिजारतीचा याहून चांगला धडा कोणता?

मग विजेच्या वाद्यांच्या बाबतीत आपण मागे का? बेस गिटारच्या पट्टीला लागणारे शिसव आपल्या देशातून जाते. २०१७ साली शिसवाच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे बंधन आले आणि २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. अर्थ सरळ आहे. कच्च्या लाकडाला कागदपत्रांची कटकट आणि तयार वाद्याला सवलत. तरी आपण लाकूड पाठवतो आणि वाद्य विकत घेतो. कापडात हेच झाले होते. कापूस गेला आणि कापड आले. तो इतिहास आपल्याला शाळेत शिकवला गेला आहे.

घेताना काय पाहावे

ऑर्केस्ट्रातील मुले बहुधा हप्त्यावर किंवा उसनवारीवर यंत्र घेतात. पहिल्याच सीझनमध्ये ते जळाले तर हप्ता चालू राहतो आणि कमाई बंद होते. म्हणून काही गोष्टी सांगणे जरूर आहे.

पहिली गोष्ट वॅटची. डब्यावर छापलेल्या मोठ्या आकड्याला भुलू नये. 'पीएमपीओ' हा आकडा जाहिरातीचा असतो. 'आरएमएस' म्हणजे यंत्र सतत किती ताकद देईल तो आकडा विचारावा. शिवाय वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. वॅट दुप्पट केल्यावर फक्त ३ डेसिबलची वाढ मिळते. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे दहापट ताकद लागते. उलट ९४ ऐवजी ९७ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर घेतला, तर तीच ३ डेसिबलची वाढ फुकट मिळते. दुकानदार वॅट सांगतो, हा दुसरा आकडा सांगत नाही. तो मागून घ्यावा.

दुसरी गोष्ट ओहमची. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात, आणि असे चार जोडले की २ ओहम. ज्या यंत्रावर 'किमान ४ ओहम' लिहिले आहे, त्याला चार स्पीकर लावले तर आउटपुट ट्रान्झिस्टर जळणार. लग्नाच्या हंगामात जळलेल्या यंत्रांत या चुकीचा वाटा मोठा असतो.

तिसरी गोष्ट जुन्या मालाची. चोरबाजारात किंवा एखाद्या मोडलेल्या ग्रुपकडून माल घेताना मीटर बरोबर ठेवावा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे. कोन दोन्ही हातांनी हलकेच आत दाबावा; खरखर लागली तर कॉइल घासते आहे. गिटारीची मान डोळ्याच्या रेषेत धरून पाहावी. खाडीकाठच्या दमट हवेत लाकूड वाकते, पण मानेतील ट्रस रॉड फिरत असेल तर तो दोष दूर होतो. रॉड गंजून अडकला असेल तर तो माल घेऊ नये. आणि विकणाऱ्याने दोष आपणहून सांगावा. दोष झाकून विकलेला माल एकदाच विकला जातो.

दुरुस्तीचे काम

बहुतेक बिघाड लहान असतात. जॅकचा टाका सुटणे, व्हॉल्यूमच्या कंट्रोलमध्ये धूळ जाणे, केबल आतून तुटणे, कंडेन्सर सुकून हम येणे. ही कामे शिकलेला मुलगा काही महिन्यांत करू शकतो. मोठ्या कामांसाठी उस्ताद पाहिजे. ट्रान्झिस्टर जळाला की नवा टाकून लगेच मेन लाइनवर जोडणारा कारीगर कच्चा समजावा; पक्का कारीगर आधी सिरीजमध्ये बल्ब लावून तपासतो. फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालणारा तर गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळतो. अर्थिंगशिवाय चालणाऱ्या स्टेजवर एका हातात गिटारीच्या तारा आणि ओठाला माइक लागला की शॉक बसतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी स्टेजच्या लाइनवर असलाच पाहिजे. तसेच प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये करंट शिल्लक राहतो, हे शागिर्दाला पहिल्या दिवशी सांगावे.

आता कापडाकडे येतो. कोनच्या मागे कॉइल मध्यभागी धरणारी जी नालीदार चकती असते, जिला स्पायडर म्हणतात, ती सुती किंवा मिश्र कापड रेझिनमध्ये बुडवून, गरम साच्यात दाबून केलेली असते. बेसच्या स्पीकरला कडेची पट्टीही घडीच्या कापडाची चांगली. फोमची पट्टी आपल्या हवेत काही वर्षांत भुगा होऊन गळते. समोरची जाळी म्हणजे विरळ विणीचे कापड. घट्ट विणीचे लावले तर आवाज दबतो. आत पॉलिस्टरचा कापूस, बाहेर रेक्झिन. गिटारीच्या पिकअपमध्ये ४२ गेजच्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात; भिवंडीत कांडी भरणाऱ्या हातांना हे काम परके वाटणार नाही. ज्या शहरात यंत्रमाग बंद पडत आहेत आणि जॉबर रिकामे बसले आहेत, तेथे या हातांचा असा उपयोग कोणी मनावर घेतलेला नाही.

बांधणीही अवघड नाही. कॅबिनेट १८ मिलिमीटरच्या चांगल्या प्लायवूडचे हवे, आतून पक्के टेकू दिलेले. खोक्याचे आकारमान अंदाजाने ठरवू नये. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि नंतर रिचर्ड स्मॉल यांनी त्याचे गणित मांडून ठेवले आहे; स्पीकरचे आकडे दिले की खोके किती लिटरचे आणि छिद्र किती लांबीचे हे निघते. सुताराजवळ हात आहे, बारावी सायन्सच्या मुलाजवळ गणित आहे. दोघांना एका टेबलावर कोणी बसवत नाही.

आक्षेप आणि उत्तर

काही लोक म्हणतील, आता हलकी डिजिटल यंत्रे आली आहेत, त्यांची दुरुस्ती होत नाही, बोर्ड बदलावा लागतो. हे बऱ्याच अंशी खरे आहे. लोखंडी ट्रान्सफॉर्मरचे यंत्र उचलायला दोन माणसे लागत. नवे यंत्र खांद्यावर जाते. पण बोर्ड ओळखणे, बदलणे आणि तो का जळाला हे शोधणे, हीसुद्धा दुरुस्तीच आहे. स्पीकर, केबल, कॅबिनेट आणि गिटार तर पूर्वी होती तशीच आहेत. दुसरा आक्षेप आवाजाचा. २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकरला बंदी आहे आणि रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. माझ्या मते हा कायदा कारीगराच्या फायद्याचा आहे. मोठ्या आवाजाला पैसा लागतो, चांगल्या आवाजाला हुन्नर लागतो. यापुढे मागणी दुसऱ्याची वाढणार.

आपल्या व्यापारी बंधूंना तीन सूचना कराव्याशा वाटतात. वाद्ये व साउंडचा माल विकणाऱ्या प्रत्येकाने दुकानात एक दुरुस्तीचे टेबल मांडावे आणि बिलावर दुरुस्तीची हमी लिहून द्यावी. आपल्या शिक्षणसंस्थांनी सुट्टीच्या वर्गांत संगणकाबरोबर सोल्डरिंग आणि मीटर वापरणेही शिकवावे. आणि ज्यांच्याजवळ चार पैसे आहेत, त्यांनी मुलाला दुकान काढून देण्याआधी दोन वर्षे एखाद्या उस्तादाकडे ठेवावे. लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग सगळे मिळतात. ते कुठे आणि का बसवायचे, हे जाणणारा माणूस मात्र आपल्याला घरातूनच तयार करावा लागेल. वरसाव्यापासून भिवंडीपर्यंत असे दहा टेबल उभे राहिले, तर त्यांतून एखादा कारखानाही निघेल.