फॉरमॅट नको, वॉचमन बदला!

शनिवारची रात्र, साडेअकरा वाजलेले. मी नुकताच पिक्चर लावून आडवा झालो होतो आणि मोबाइल वाजला. पलीकडे हिंजवडीत आयटीत नोकरी करणारा माझा धाकटा चुलतभाऊ. 'दादा, झोपलायस का?' आता या वेळेला हा प्रश्न विचारणारा माणूस एक तर प्रेमात पडलेला असतो, नाही तर त्याचा कॉम्प्युटर बंद पडलेला असतो. आमच्या बंधुराजांचं लग्न होऊन तीन वर्षं झाली. म्हणजे कॉम्प्युटरच!

झालं होतं ते असं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हा साहेबांनी घरच्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारीच उबुंटू लिनक्सही टाकून घेतलं. यालाच म्हणायचं ड्युअल बूट. मशीन सुरू केलं की मेनू येतो, हवं ते निवडा. चार दिवस ऑफिसात कॉलर एकदम टाइट! पुढे कळलं की आपला लॅपटॉप विंडोज 11 ला चालतो. मग ते घेतलं आणि बिचारं लिनक्स अडगळीत पडलं. त्या शनिवारी सी ड्राइव्ह भरून लाल झाला, तेव्हा बंधुराजांनी डिस्क मॅनेजमेंट उघडलं, लिनक्सच्या पार्टिशनवर राइट क्लिक केलं आणि डिलीट! दोन सेकंदांत 80 जीबी मोकळी. काय आनंद!

हा आनंद रीस्टार्टपर्यंत टिकला. मग काळा स्क्रीन, वर पांढऱ्या अक्षरांत 'ग्रब' आणि पुढे लुकलुकणारा कर्सर. विंडोज गायब, मेनूही गायब. कोपऱ्यावरच्या दुकानवाल्यानं फोनवरच निदान केलं, 'उद्या आणा, फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो. डेटाची गॅरंटी नाही.'

'मग दे ना टाकून,' मी जांभई देत म्हणालो. जरा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, 'दादा, बाबांचे फोटो त्यातच आहेत रे.'

काका जाऊन दोन वर्षं झाली. बॅकअप? 'करायचाच होता.'

मी पिक्चर बंद केला आणि उठून बसलो. कारण मंडळी, या खड्ड्यात मी स्वतः पडलोय. 2006 ची गोष्ट. तेव्हा उबुंटूच्या सीडी पोस्टानं घरी फुकट यायच्या. माझ्या एक्सपीवाल्या पीसीवर मीही हौसेनं लिनक्स टाकलं आणि महिनाभरानं उडवलं. दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर 'ग्रब एरर 22'. घाबरून मी अख्खी हार्ड डिस्क फॉरमॅट केली. कॉलेजच्या एकांकिकेच्या तालमींचे सगळे फोटो गेले. वर्षभरानं कळलं, की एक्सपीच्या सीडीवरच्या रिकव्हरी कन्सोलमध्ये 'फिक्सएमबीआर' हा एक शब्द टाइप केला असता तर काम झालं असतं. एक शब्द!

तर आधी भानगड समजून घेऊ. तुमची हार्ड डिस्क म्हणजे एक सोसायटी. विंडोज एका विंगमध्ये, लिनक्स दुसऱ्या. लिनक्स राहायला आलं तेव्हा त्यानं गेटवर आपला वॉचमन बसवला. त्याचं नाव ग्रब. कोणाला कुठल्या विंगमध्ये सोडायचं, हे लिहिलेलं रजिस्टर मात्र तो लिनक्सच्या विंगमध्येच ठेवतो. तुम्ही ती विंग पाडलीत. आता वॉचमन गेटवर बसलाय, पण रजिस्टर नाही, म्हणून तो कोणालाच आत सोडत नाही. विंडोजची विंग आणि तिच्यातले तुमचे फोटो मात्र जागच्या जागी आहेत. सोसायटी पाडायची नाहीये, फक्त वॉचमन बदलायचाय!

आणि विंडोजचा स्वतःचा वॉचमन बहुतेक वेळा गेटवरच उभा असतो. गेल्या दहा-बारा वर्षांतली बहुतेक मशीन्स यूईएफआय पद्धतीची आहेत. त्यांत ईएफआय नावाचं एक छोटं पार्टिशन असतं आणि दोन्ही वॉचमन तिथे शेजारी शेजारी राहतात. लिनक्सवाला फक्त रांगेत पहिला असतो.

बंधुराजांना सांगितलं, लॅपटॉप बंद कर. पुन्हा सुरू करताना बूट मेनूचं बटण दाबत राहा. डेल आणि लेनोवोला सहसा एफ12, एचपीला एफ9, असूसच्या लॅपटॉपला एस्केप. यादी आली. तिच्यात 'उबुंटू' आणि 'विंडोज बूट मॅनेजर' अशी दोन नावं. दुसरं निवडून एंटर. फोनवर अर्धा मिनिट शांतता. मग विंडोज सुरू झाल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ वहिनींचा, 'झालं का एकदाचं?'

मात्र एवढ्यावर थांबू नका, नाही तर पुढच्या वेळी पुन्हा ग्रब भेटेल. बायॉसमध्ये जाऊन बूट ऑर्डरमध्ये विंडोज बूट मॅनेजरला पहिल्या नंबरवर आणा आणि सेव्ह करा.

मशीन जुनं, एमबीआर पद्धतीचं असेल तर बूट मेनूत हे नाव दिसणार नाही. तिथे वॉचमनला बसायला डिस्कच्या पहिल्या 512 बाइट्समधली जेमतेम 446 बाइट्स जागा, म्हणजे एकावेळी एकच वॉचमन. अशा वेळी मित्राच्या कॉम्प्युटरवर 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजचं इन्स्टॉलेशन बनवून घ्या आणि त्यावरून मशीन सुरू करा. 'इन्स्टॉल'ला चुकूनही हात लावू नका. 'रिपेअर' निवडा, मग ट्रबलशूट, मग कमांड प्रॉम्प्ट. तिथे बूटरेक, एक स्पेस, तिरकी रेघ आणि तिला चिकटून फिक्सएमबीआर. टाइप अर्थात इंग्रजीत. ही कमांड फक्त वॉचमन बदलते, पार्टिशनच्या यादीला हात लावत नाही. यूईएफआय मशीनवर विंडोज बूट मॅनेजरच दिसत नसेल, तर याच पेनड्राइव्हवरचं 'स्टार्टअप रिपेअर' आधी चालवून बघा.

एक धोक्याची सूचना. विंडोजची डिस्क बिटलॉकरनं एन्क्रिप्ट केलेली असेल, तर या उलथापालथीत ती 48 आकडी रिकव्हरी की मागू शकते. घरच्या लॅपटॉपवर ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, ऑफिसच्या लॅपटॉपची आयटी डिपार्टमेंटकडे. ती आधीच कागदावर उतरवून ठेवा. लॅपटॉपवरच सेव्ह केली, तर कुलूपबंद कपाटात किल्ली ठेवल्यासारखं होईल!

आणि लिनक्सला निरोप द्यायचाच असेल तर रीतसर द्या.

- आधी लिनक्समधल्या तुमच्या फाइल्स बाहेर काढा. विंडोज वाचलं, तरी पाडलेल्या विंगमधलं सामान गेलंच समजा.
- मग बायॉसमध्ये विंडोजला पहिला नंबर द्या. एक-दोनदा रीस्टार्ट करून ते थेट सुरू होतंय ना, बघा.
- मगच पार्टिशन डिलीट करा. 100-300 एमबीचं ते चिमुकलं ईएफआय पार्टिशन फालतू समजून उडवू नका. विंडोजचा वॉचमनही तिथेच राहतो.
- मोकळी झालेली जागा सी ड्राइव्हच्या लगेच उजवीकडे असेल, तरच डिस्क मॅनेजमेंट ती सी ला जोडून देतं. मध्ये दुसरं पार्टिशन असेल तर 'एक्स्टेंड' फिकट दिसतं. बंधुराजांच्या 80 जीबीचं नेमकं हेच झालं.

रविवारी सकाळी बंधुराजांना थेट दुकानात पिटाळलं. लॅपटॉप द्यायला नव्हे, एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणायला. दुपारी त्याचा मेसेज आला. सोबत एक फोटो. काका, जुन्या बजाज स्कूटरवर, पुढे उभा असलेला पाच वर्षांचा तो आणि मागे बसलेला, दात पडलेला मी. हा फोटो माझ्याकडे नव्हता.

मंडळी, 'करायचाच होता'वाला बॅकअप आजच उरकून टाका. रात्री साडेअकराला मला उठवलंत तरी चालेल, पण फॉरमॅट मारायच्या आधी!