सरकारी इस्पितळातील रुग्णाची सनद

विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २०२३ सालच्या सप्टेंबरअखेरीस व ऑक्टोबरच्या आरंभी चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात अर्भके होती, ही वार्ता पसरताच मंत्री नांदेडला धावले, मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली, आणि औषधांचा तुटवडा नव्हता हे शासनाचे निवेदन व औषधे बाहेरून आणावी लागली ही नातेवाइकांची कैफियत यांचा मेळ काही बसला नाही. त्याच गदारोळात हिंगोलीच्या तत्कालीन खासदारांनी अधिष्ठात्यांकडून प्रसाधनगृह साफ करून घेतले. त्यावरून पुढे गुन्हाही दाखल झाला. अधिष्ठात्याच्या हाती झाडू देण्याइतका दरारा खासदारांजवळ होता. पण ज्या मातेचे मूल आत काचेच्या पेटीत होते तिला, हातात पडलेली ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी कोणाच्या हुकमाने आली, हे विचारण्यासाठी एक खिडकीसुद्धा नसावी, ही मला त्या प्रकरणातील खरी उणीव वाटते.

कायदा मुळीच नाही असे नव्हे. शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा १९४९ चा, म्हणजे नांदेड आणि लातूरचा मुलूख अद्याप हैदराबाद संस्थानाच्या दप्तरी असताना मुंबईत झालेला. त्याखालील नियमांत २०२१ साली सुधारणा होऊन रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागी लावण्याचे आणि तक्रारीची दाद घेण्याचे बंधन रुग्णालयांवर आले. परंतु याच कायद्याने सरकारने व स्थानिक संस्थांनी चालविलेली रुग्णालये आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहेत. परिणामी लातुरातील एखाद्या खासगी डॉक्टरास जे सक्तीचे, ते त्याच शहरातील विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेस या कायद्याने सक्तीचे नाही. आणि पैसे मोजण्याची ऐपत ज्याला आहे त्याच्या हक्काची पाटी भिंतीवर लागते, ऐपत नसलेल्याची लागत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेली सतरा हक्कांची सनद असा भेद करीत नाही. मात्र ती शिफारस आहे, हुकूम नव्हे.

हे हक्क फार मोठे आहेत असेही नाही. मागितल्यापासून ७२ तासांत उपचाराची कागदपत्रे द्यावीत, हा डॉक्टरांच्या आचारसंहितेचाच दंडक आहे. शस्त्रक्रियेची संमती ही समजून दिलेली संमती असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट सांगितले. पण किनवटच्या तांड्यावरून आलेली, घरी गोरमाटी बोलणारी बाई किंवा देगलूरकडचा तेलुगूभाषक शेतकरी छापील अर्जावर अंगठा उठवतो तेव्हा त्याला काय समजलेले असते? इंग्रजीत भरलेला तो अर्ज मराठी शिकलेल्या माणसाला तरी कोठे कळतो म्हणा! शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, तेव्हा विष्णुपुरीचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाच्या ताब्यातले, म्हणून त्या निर्णयाबाहेर, हा बारकावा रुग्णाने कोठून जाणावा?

यावर निवासी डॉक्टरांचे म्हणणे मी ऐकून आहे, आणि ते पुष्कळ अंशी रास्त आहे: खाटांहून रुग्ण अधिक, परिचारिकांच्या जागा रिक्त, आणि संतप्त नातेवाइकांचा मार खाण्याची पाळी त्यांच्यावर. वैद्यकीय सेवकांवरील हल्ल्यांना प्रतिबंध करणारा कायदा राज्याने २०१० सालीच केला आणि तो करावयास हवाच होता. मात्र तक्रार लिहून घेऊन पोच देणारा एक माणूस वॉर्डाबाहेर बसला, तर डॉक्टराच्या अंगावर धावून जाणारे हात निम्म्याने कमी होतील, असे मला खात्रीने वाटते. पोलीस चौकीने ते साधणारे नाही.

तेव्हा मराठवाड्याच्या आमदारांनी पुढील अधिवेशनात सरकारी रुग्णालयांना मिळालेली ही सूट रद्द करण्याची मागणी करावी. तोवर नांदेड व लातूरच्या अधिष्ठात्यांनी मराठीत आणि उर्दूत हक्कांची पाटी लावून तक्रारीची नोंदवही उघडावी. त्यासाठी मंत्रालयाच्या परवानगीची गरज नाही.