'सुधारणा' म्हणजे काय?

"काम बघा, शब्द कसले बघता?" असा सवाल आमच्याच एका सहकाऱ्यांनी संतापून केला. एका मुक्तस्रोत प्रकल्पाच्या मराठी अनुवादात त्यांनी काही दुरुस्त्या करून पाठवल्या होत्या. सोबतचा कमिट-संदेश एकाच शब्दाचा होता : 'सुधारणा'. दुरुस्त्या मान्य झाल्या. संदेश मात्र पुन्हा लिहून मागण्यात आला. सहकाऱ्यांना हा अपमान वाटला. उत्तरपत्रिकांच्या समासात 'का?' असा लाल शेरा मारण्यात ज्यांची हयात गेली, त्या आम्हां मराठीच्या प्राध्यापकांना तो वाटू नये, असे आमचे मत आहे.

काय बदलले, हे यंत्र स्वतःच दाखवते. जुनी आणि नवी ओळ ते शेजारी मांडते. का बदलले, हे मात्र बदलणाऱ्याखेरीज कोणालाच ठाऊक नसते. 'कॅन्सल' आणि 'डिलीट' या दोन्ही बटनांवर 'रद्द करा' असेच लिहिलेले होते. वापरणाऱ्याची फाइल चुकून नष्ट होऊ नये म्हणून दुसऱ्यावर 'काढून टाका' असे केले. हे कारण लिहून ठेवले नाही, तर उद्या एखादा भाषाशुद्धीचा कैवारी तेथे पुन्हा 'रद्द करा' बसवील, आणि त्यालाही आपण सुधारणाच केली असे वाटेल.

संदेश बदलणे म्हणजे इतिहासात फेरफार, असा दुसरा आक्षेप. तो अर्धाच खरा आहे. 2005 साली लिनस टोरवाल्ड्स यांनी रचलेल्या 'गिट'मध्ये प्रत्येक कमिटची ओळख त्यातील मजकुराबरोबरच संदेशावरूनही ठरते. संदेशातील एक अक्षर बदलले तरी त्या कमिटची, आणि तिच्यावर उभ्या असलेल्या पुढच्या प्रत्येक कमिटची ओळख बदलते. म्हणून सर्वांच्या हाती गेलेल्या इतिहासाला हात लावू नये, हे योग्यच. परंतु स्वीकारापूर्वी 'अमेंड' वा 'रिबेस' करून संदेश सुधारणे हे कच्च्या खर्ड्याचे संपादन आहे. ते टाळणे हा प्रामाणिकपणा नसून निव्वळ आळस आहे.

मात्र मागणाऱ्यांनीही मर्यादा पाळावी. लिनक्स कर्नलची नियमावली आधी अडचण आणि मग उपाय सांगायला सांगते; ही अपेक्षा रास्त आहे. ज्याची इंग्रजी अडखळती आहे त्याच्या व्याकरणाची टवाळी करणे मात्र रास्त नाही. त्याहून गैर म्हणजे न विचारता संदेश बदलून तो मूळ लेखकाच्याच नावावर ठेवणे. कर्नलमध्ये अशा वेळी बदल करणारा चौकटी कंसात स्वतःचे नाव आणि केलेला बदल नोंदवतो. दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालायचे तर एवढी सभ्यता हवीच.

राहता राहिला आमच्या सहकाऱ्यांचा सवाल. काम बघायचेच आहे. पण ते बघणारा पाच वर्षांनी येईल आणि तेव्हा विचारायला आपण तेथे नसू. त्याच्यासाठी तीन ओळी लिहिण्याचे टाळून 'सुधारणा' एवढ्यावर मोकळे होणाऱ्याने आपले काम पुरे झाले असे समजू नये.