उलगडणे, उकलणे की फोडणे?

इंग्रजीतल्या ‘अनस्क्रॅम्बल’ या क्रियापदाला मराठीत काय म्हणावे, असे एका अनुवादक स्नेह्याने मला विचारले. त्याने स्वतः ‘पुनर्विन्यसन करणे’ असे काहीतरी भयंकर लिहून ठेवले होते. एवढे संस्कृत कशाला? फेटलेले अंडे पुन्हा सुटे होत नाही, हे खरे. पण विस्कटलेला आवाज सुटा करता येतो, आणि त्यासाठी आपल्याकडे एक सोडून तीन शब्द आहेत.

दुसऱ्या महायुद्धात रूझवेल्ट व चर्चिल बिनतारी दूरध्वनीवर बोलत, तेव्हा ‘ए-३’ नावाचे यंत्र आवाजाचे पाच पट्टे करी, त्यांच्या जागा बदली, काही उलटेही करी. मध्येच कोणी कान लावला, तर नुसता कलकलाट. पलीकडचे जोडयंत्र ते पट्टे जागच्या जागी बसवी. हे झाले उलगडणे. पैठणीची घडी मोडली तरी पैठणीला धक्का लागत नाही, तसेच हे.

पण हॉलंडच्या किनाऱ्यावर बसून जर्मन टपाल खात्याच्या अभियंत्यांनीही तेच पट्टे जुळवले, आणि मार्च १९४२ मध्ये टपालमंत्र्याने ही खबर हिटलरला कळवली. काम तेच, हाती आलेले शब्द तेच. इंग्रजीत दोघांनाही ‘अनस्क्रॅम्बल’ चालते. मराठीत चर्चिलच्या बाजूने बोलणारा म्हणेल, जर्मनांनी संभाषण फोडले. प्रश्नपत्रिका परीक्षेच्या वर्गात उघडतात. तीच आदल्या रात्री गल्लीत आली, तर ‘फुटते’!

जर्मन अभियंता मात्र म्हणेल, आम्ही ते उकलले. गाठ उकलते, कोडे उकलते. किल्ली हाती नसताना बुद्धीने वाट काढण्याचा मान या शब्दात आहे. तेव्हा अनुवादकाने आधी कथा कोण सांगतो आहे ते पाहावे.

जुलै १९४३ मध्ये ‘सिगसॅली’ आले. वजन सुमारे ५५ टन! त्याची किल्ली म्हणजे निव्वळ खरखर भरलेल्या दोन सारख्या तबकड्या, एक वॉशिंग्टनला, एक लंडनला. दोन्ही एकाच क्षणी सुरू करायच्या, आणि काम झाले की नष्ट करायच्या. ते कोणाला फोडता आले नाही.

आपल्या टीव्हीजवळचा डबाही वर्गणी भरली की वाहिनी उलगडून दाखवतो. वर्गणी न भरता कोणी खटपट करून तीच वाहिनी पाहिली, तर मी त्याला फोडणेच म्हणेन. पाहणारे मात्र ‘जुगाड केला’ म्हणतात.