पुस्तिका वाचणारा प्राणी

मिक्सरबरोबर आलेली माहितीपुस्तिका कोणी वाचल्याचे निदान माझ्या ऐकिवात नाही. ती गॅरंटीकार्डासकट प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवायची आणि मिक्सर बंद पडला की दुकानदाराच्या नावाने बोटे मोडायची, हा आपला रिवाज. लिहिणाराही ती कोणी वाचणार नाही याच खात्रीने लिहितो. हा समझोता दोन्ही बाजूंनी इमानेइतबारे पाळला गेला. आता मात्र पंचाईत झाली आहे. पुस्तिका पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खरोखर वाचणारा प्राणी जन्माला आला आहे. त्याला एआय एजंट म्हणतात.

एजंट म्हटले की आमच्या करंजाड्यात लोक आधी फ्लॅटचा भाव विचारतात. विमानतळ शेजारी आल्यापासून तर विचारूच नका. पण हा तो नव्हे. हा संगणकातला नोकर. काम सांगितले की हाताशी दिलेले छोटे छोटे प्रोग्राम स्वतःच चालवून तो ते उरकतो. कोणता प्रोग्राम काय करतो हे त्याला कळते ते मुख्यतः सोबत लिहिलेल्या वर्णनावरून. आणि नेमके तेच लिहायला आमचे भाचेराव तयार नाहीत.

"मामा, मॅन्युअल कशाला? एजंट हुशार आहे. त्याचं त्याला कळतं."

हुशारीबद्दल माझी तक्रार नाही. हुशारीच्या भरवशावर दुसऱ्याची चीजवस्तू सोपवण्याबद्दल आहे. आणि ही चीजवस्तू म्हणजे जुन्या फ्लॉप्या. नव्वदच्या दशकात छोटे छापखाने आणि डीटीपीवाले मराठी मजकूर त्यांच्यावरच ठेवत. किती स्मरणिका, किती कवितासंग्रह, गावोगावचे किती इतिहास अजून ट्रंकांमध्ये पडून असतील. त्या फ्लॉपीची बिटाबिटाने केलेली नक्कल म्हणजे डिस्क इमेज. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीची इमेज बरोबर १४,७४,५६० बाइटची भरते, मग आत एक पत्र असो की अख्खी कादंबरी. गंमत अशी की डॉसच्या फ्लॉपीवर पुसलेली फाइल पुसलेली नसते. यादीतल्या तिच्या नावाचे पहिले अक्षर बदलले जाते. मजकूर तिथेच पडून राहतो, त्याच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत. म्हणजे लेखकाने रागाने काढून टाकलेले प्रकरणही इमेजमध्ये जिवंत सापडू शकते. एजंटाने तिथे आवराआवर म्हणून एक नवी फाइल ठेवली, की संपले.

एम-टूल्स नावाचा प्रोग्रामांचा एक जुना संच आहे. त्यातला एमडिर यादी दाखवतो, एमकॉपी फाइल उतरवतो, एमडेल पुसतो आणि एमफॉरमॅट पाटी कोरी करतो. नावे सख्ख्या भावंडांसारखी. पण पहिला पाहुणा आहे आणि शेवटचा दरोडेखोर. हे वर्णनात लिहायचे नाही तर कुठे? आमच्या सोसायटीच्या फळ्यावर 'उद्या पाणी येणार नाही' अशी सूचना तारखेशिवाय लागते आणि पंधरा दिवस तशीच राहते. आपण माणसे असल्यामुळे नळ उघडून बघतो. एजंट रोज बादल्या भरून ठेवील.

पण याहून मोठा धोका निराळाच आहे, आणि तो खास आपला आहे. १९९१ साली इस्की नावाचे सरकारी प्रमाण ठरले होते. तरी डीटीपीच्या फाँटवाल्यांनी आपापल्या चुली वेगळ्या मांडल्या. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवले, पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी ठेवली. तो फाँट नसेल तर आज ती फाइल उघडल्यावर दिसतात नुसती विस्कटलेली इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे. आता साहेबाच्या फ्लॉप्यांवर वाढलेल्या या नोकराला तुम्ही सांगितलेत, 'खराब फाइली वेगळ्या काढ', तर तो काय करील? हुशार आहे म्हणूनच करील! साबुदाण्यातले खडे वेचावेत तशी सगळी मराठी वेचून बाहेर टाकील आणि नम्रपणे कळवील की साफसफाई पूर्ण झाली.

म्हणून माझे म्हणणे की पुस्तिका माणसाने लिहावी, आणि ज्याने त्या फ्लॉप्या पाहिल्यात त्याने लिहावी. मूळ इमेजवर लिहिता येणार नाही अशी आधीच सोय करावी. जुन्या फ्लॉपीला कोपऱ्यात एक खिटी असे, ती सरकवली की लिहिणे बंद. इमेजला ती खिटी नाही, ती आपण लावायची. आणि ठळक अक्षरांत लिहावे की वाचता न येणारा मजकूर कचरा समजू नये, तो मराठी असण्याचा संभव आहे.

भाचेरावांनी त्यावर तोड काढली. पुस्तिकाही एका एजंटाकडूनच लिहून घेतली. म्हणजे लिहिणार उंट, वाचणार गाढव, आणि दोघे एकमेकांवर खूश. दोन पाने भरली होती. 'हे अत्यंत शक्तिशाली आणि लवचीक साधन आहे' अशी सुरुवात होती. काय पुसले जाईल याबद्दल अवाक्षर नव्हते.

ती ओळ मी खोडली आहे. ट्रंक माझ्याकडे आहे, किल्लीही माझ्याकडेच आहे, आणि दुसरी ओळ भाचेराव स्वतःच्या हाताने लिहीपर्यंत ती उघडणार नाही असे मी त्यांना कळवले आहे.