आधी शेण मोजा, मग नळी टाका

थंडीत एरंडोल तालुक्यातल्या गावांत पहाटेच बंब पेटतात आणि त्यांत कपाशीच्या पऱ्हाट्या जातात. उरलेल्या पऱ्हाट्यांचा शेतातच ढीग करून काडी लावली जाते. उज्ज्वला योजनेचा सिलिंडर अनेक घरांत आहे. पण तो भरून आणायला रोख पैसे लागतात आणि पऱ्हाटी फुकट मिळते. म्हणून चूल विझलेली नाही आणि बाईच्या डोळ्यांतला धूरही गेलेला नाही.

डेन्मार्कच्या साम्सो बेटावर शेतातला पेंढा जाळून पाणी तापवतात आणि जमिनीखालच्या नळ्यांतून ते घराघरांत खेळवतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या जळगाव जिल्ह्यात घरे तापवण्याची गरज नाही. पण ऊर्जा एका जागी तयार करून घरोघर जोडणी देण्याची रीत आपल्या चुलीसाठी नक्की घेता येईल. आपली नळी गोबरगॅसची असावी. पऱ्हाटी संयंत्रात सहज कुजत नाही, तिच्या कांडी-विटाच बऱ्या. शेण मात्र गावात आहे.

गुजरातमध्ये पाटण जिल्ह्यातल्या मेथाण गावाने हे सहकारातून करून दाखवले. सभासदांनी शेण घालायचे आणि ठरलेल्या वेळी नळीतून गॅस घ्यायचा, अशी ती व्यवस्था. कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यातील पुरा गावाचा अनुभव आम्हाला त्याहून मोलाचा वाटतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमूल्य रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे स्वयंपाकासाठी सामुदायिक संयंत्र उभारले. सगळ्या चुलींना पुरेल एवढे शेणच जमेना, आणि बेत फसला. मग १९८७ पासून त्याच गॅसवर इंजिन चालवून गावाला पाणी आणि दिवे दिले गेले. शेण देणाऱ्याला किलोमागे मोबदला आणि खतासाठी रबडी परत मिळू लागली, तेव्हा गावाने ती योजना आपली मानली.

हिशेब साधा आहे. एक घनमीटर गॅसला सुमारे २५ किलो शेण लागते आणि पाच माणसांच्या स्वयंपाकाला रोज एक ते दीड घनमीटर गॅस. म्हणजे घरामागे तीन-चार गुरे हवीत. ट्रॅक्टर आल्यापासून कित्येक दावणी रिकाम्या झाल्या आहेत. शिवाय शेणाइतकेच पाणी कालवायला लागते. मे महिन्यात हंडाभर पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या गावात संयंत्राला पाणी कुठून आणणार, याचे उत्तर आराखड्यात आधी लिहिलेले असले पाहिजे.

गोबरधन योजनेत जिल्ह्याला ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. हा पैसा टाकी आणि फलक उभारण्यात संपू नये. पंचायत समितीने तालुक्यातले एकच गाव निवडावे. दावणीची गुरे उन्हाळ्यात मोजावीत, कारण पावसाळ्यातला आकडा फसवा असतो. खड्डा खणण्याआधी सभासदांची नोंदणी व्हावी आणि लवकर येणाऱ्याला जोडणी स्वस्तात मिळावी. गुरे नसलेल्या शेतमजुराच्या घरालाही परवडणाऱ्या दरात नळी मिळाली पाहिजे. नाहीतर गावातली सगळ्यात गरीब चूलच धुरात राहील. गॅस किती वाजता सोडायचा, हे पहाटे पाचला भाकरी थापून कापूस वेचायला जाणाऱ्या बायांना विचारून ठरवावे. नळीत साचणारे पाणी काढायला आणि गळती बुजवायला गावातलेच दोन तरुण पगारावर ठेवावेत. त्यांच्या पगाराची तजवीज पहिल्या वर्षाच्याच अंदाजपत्रकात हवी.