फुरशाचे विष आणि घोड्याचे रक्त



निंदणीचे दिवस आहेत. मोलगीकडच्या डोंगरउतारावर भगर, ज्वारीच्या रानात दगडाखाली हात घालताना जपा. तिथे फुरसे बसलेले असते.

एका पाड्यावर मी पाहिले, चावलेल्या पायाला ब्लेडने चिरा दिल्या होत्या आणि रक्त थांबेना. घरचे म्हणाले, "साहेब, विष वाहून चाललंय." वाहत होते ते तरण्या पोराचे रक्त!

फुरसे काय, घोणस काय, यांच्या विषाने रक्तातला गोठण्याचा माल आतल्या आत उगाच खर्ची पडतो. मग जखमेला लागायला काही उरत नाही. हिरड्यांतून, लघवीतूनही रक्त येते. अशा अंगाला चिरा देणे म्हणजे फुटक्या बांधाला आणखी भोक पाडणे.

दवाखान्यात स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात. नळी कलती केल्यावर रक्त वाहिले, तर ते गोठत नाही हे कळते.

यावर उतारा घोड्याच्या रक्तातून येतो. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामात जुने आहे. घोड्याला विषाची अगदी थोडी मात्रा टोचून ती हळूहळू वाढवतात. त्याच्या रक्तात विषाला धरून निकामी करणारी प्रतिद्रव्ये तयार होतात, ती काढून घेतात. घटसर्पाच्या लसीने तुमची म्हैस ही द्रव्ये स्वतः बनवते. इथे ती तयार मिळतात. उंदरांवर जोर तपासतात. १ मिलिलिटर औषधाने फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी व्हावे लागते. लेकरालाही मोठ्या माणसाइतकेच औषध लागते, कारण साप लहान-मोठे पाहून विष सोडत नाही.

आता नीट ऐका. प्रतिद्रव्ये विष धरतात, पण खर्ची पडलेला माल परत देत नाहीत. तो यकृताने नव्याने बनवायचा, त्याला काही तास जातात. म्हणून ६ तासांनी पुन्हा नळी पाहतात. रक्त गोठले नाही तर औषध पुन्हा देतात. पहिल्या सलाईननंतर "बरं वाटतंय" म्हणून रोगी घरी नेऊ नका. शिवाय घोड्याचे औषध एखाद्याला सोसत नाही, गांधी उठतात, दम लागतो. तेव्हा डॉक्टर जवळ हवा.

पाय आवळून बांधू नका. झोळीतून नेताना तो हलू देऊ नका. रस्त्याला लागण्याआधीच १०८ ला फोन करा, आणि किती वाजता चावले ते डॉक्टरांना सांगा.